आत्याच्या न्हाणीतली दांडी

घरातल्या भिंतीला भोक कुठे पाडायचं, हे तुमच्या घरात कोण ठरवतं?

प्रश्न खोचक आहे, पण उत्तर देऊन बघा. बहुतेक घरांत ठरवणारा एक असतो, मशीन घेऊन येणारा दुसरा असतो, आणि त्या भोकात बसवलेल्या खुंटीला रोज हात लावणारी तिसरीच असते. तिला कुणी विचारत नाही. खुंटी उंच बसली तर ती टाचा उंचावते, स्टूल ओढते आणि आयुष्यभर तसंच करत राहते.

मी जळगावात पत्रकांवर वाढले. वडिलांच्या संघटनेची पत्रकं आमच्या घरात गठ्ठ्यांनी असायची. दाळमिलमधल्या बायकांच्या मजुरीची गुलाबी, नळाच्या पाण्याची पिवळी, बुवाबाजीच्या विरोधातली हिरवट. वाटून उरलेल्या पत्रकांची कव्हरं माझ्या वह्यांना असत. बाराखडी पुरती यायच्या आधी मला 'जाहीर निषेध' वाचता येत होतं. अशा घरात वाढलेल्या माणसाला कुणी 'हे तुझं काम नाही' म्हटलं, की ते काम शिकल्याशिवाय झोप लागत नाही. माझ्या हातात ड्रिल मशीन आली ती अशीच.

झालं असं, की घरात पुस्तकांची फळी लावायची होती आणि मिस्त्री आज येतो, उद्या येतो म्हणत होता. मी बाजारात गेले. दुकानदाराने आधी माझ्या मागे कुणी उभं आहे का ते बघितलं.

"ताई, भाऊंना पाठवा ना. त्यांना नीट समजावून सांगतो."

"भाऊ नाही मला."

"मग वडिलांना?"

"वडिलांना खिळा ठोकता येतो, पण वाकडा."

तो हसला आणि त्याने डबा उघडला. दुकानातली सगळ्यात स्वस्त ड्रिल होती ती. माणूस मात्र सरळ होता. मशीनच्या बाजूचं गोल टोपण काढून त्याने आतला बोटाच्या पेराएवढा काळा तुकडा दाखवला. "हे कार्बन. याच्यातून मोटरला वीज जाते. घासून घासून संपतात, मग बदलायचे. एक जोडी डब्यात जास्तीची आहे. लोक पिशवीबरोबर तीच आधी फेकतात."

घरी वडिलांनी डबा फिरवून फिरवून बघितला आणि आईला म्हणाले, "उत्पादनाची साधनं आली बघ आपल्या ताब्यात. आता क्रांतीला उशीर नाही."

आई म्हणाली, "क्रांती करा, पण आधी मोरीतलं कपाट सरळ करा."

पुढे लोखंड घासायचा एक ग्राइंडर आला, लाकूड कापायची जिगसॉ आली, तीही दुकानातल्या खालच्या फळीवरची. 'स्वस्तातलं घेतलंस, टिकणार नाही' हे मला ज्यांनी ऐकवलं, त्यांच्यापैकी एकाच्याही घरात महागाची मशीनसुद्धा नव्हती. मला या बोलण्याची चीड येते. जे दिवसभर भिंती फोडतात त्यांना महागाची मशीन लागते, कबूल. पण ज्याला वर्षातून काही वेळा एखादी फळी, एखादा पडद्याचा पाइप लावायचा आहे, त्याने काय करायचं? ऐपत नाही म्हणून वाट बघत बसायचं? स्वस्त मशीन चालते. फक्त तिला समजून घ्यावं लागतं. ती दमते. जोर लावून दाबली, की तापते आणि जळका वास येतो. थोडं काम करून तिला थांबू द्यायचं, अंगावरून हात फिरवून किती गरम झाली ते बघायचं. काम झालं, की हवेच्या खाचांमधली धूळ ब्रशने काढायची, वायर आवळून न गुंडाळता सैल वेटोळं करायचं, बोथट बिटशी, म्हणजे पुढच्या भोक पाडणाऱ्या सळीशी, भांडत बसायचं नाही, ती बदलायची. हे सगळं मी हळूहळू शिकले आणि एक वेडावाकडा स्टँड, एक डुगडुगणारं टेबल आणि बऱ्याच सरळ फळ्या यांच्या जोरावर गल्लीत माझं थोडं नाव झालं.

त्या नावामुळेच धुळ्याहून आत्याचा फोन आला.

आत्या म्हणजे वडिलांची थोरली बहीण. पांझरा नदीच्या पलीकडे, देवपुरात, भिंतीला भिंत लागून असलेल्या जुन्या घरांच्या ओळीत तिच्या दोन खोल्या आणि मागे न्हाणी आहे. यजमान गेल्यापासून ती एकटी राहते आणि ब्लाउज शिवते. पावसाळ्यात ती न्हाणीत पाय घसरून पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. सकाळी पडली ती दूधवाला दार वाजवून कंटाळून शेजारी सांगेपर्यंत ओल्या फरशीवर तशीच पडून होती. हाका मारल्या होत्या तिने. पण इकडे नळाची धार चालू होती आणि भिंतीपलीकडे शेजारच्या चाचींच्या स्वयंपाकघरात कुकर शिट्ट्या देत होता.

ऑपरेशन झालं. तिचा मुलगा, माझा दादा, पुण्यात नोकरीला आहे. त्याने तिला काही आठवडे तिकडे नेलं. वॉकर धरून चालता येऊ लागताच नवरात्राच्या शिलाईचं निमित्त सांगून ती धुळ्याला परत आली. दादाने एकच मुदत दिली: दसऱ्याला येतो आणि तुला घेऊन जातो, कायमची. घराला कुलूप.

फोनवर आत्या म्हणाली, "तुनाजोडे ते भोके पाडानं मशीन शे ना? ते लई ये."

"कसाले?" मी विचारलं. एवढी अहिराणी मला येते.

"न्हाणीमा धरानी दांडी लावनी शे." मग जरा थांबून म्हणाली, "मी आपली आपण उठनू-बसनू ते मंग तो काय म्हनी?"

म्हणजे दांडी लागली आणि ती कुणाच्या आधाराशिवाय न्हाणीत उठू-बसू लागली, तर मुलाकडे बोलायला काही उरणार नाही, असा तिचा हिशेब होता. नाही लागली, तर शिलाई मशीन माळ्यावर जाणार आणि ती पुण्यातल्या एका खोलीत खिडकीशी बसणार. तिने हे रडून सांगितलं नाही. बाही किती ठेवायची ते सांगतात तसं सांगितलं.

मी दसऱ्याच्या दोन दिवस आधी सकाळच्या एसटीने निघाले. पिशवी मांडीवर होती. पारोळा सुटल्यावर कंडक्टरने वरून हात लावला, ड्रिलचा आकार चाचपला आणि तिकीट फाडता फाडता म्हणाला, "ताई, बंदूक खाली ठेवा, खड्ड्यात उडाली तर डायव्हर जाईल."

आत्याने मला चहाही आधी विचारला नाही. वॉकर टेकत न्हाणीत गेली, प्लास्टिकच्या स्टुलावर बसली आणि म्हणाली, "दख आते," म्हणजे बघ आता. मग उठायला लागली. तिचा उजवा हात आपोआप भिंतीकडे गेला आणि टाइलवरून घसरला. पुन्हा बसली, पुन्हा उठली, हात पुन्हा तिथेच गेला. तिने ओच्यातून शिंप्याचा निळा खडू काढून मला दिला. "आठे."

मी इंटरनेटवर पाहून आले होते, दांडी किती उंचीवर असावी ते. आत्याच्या खडूची खूण त्याहून बरीच खाली होती आणि सरळ आडवी नव्हती, तिरपी होती. मी तसं म्हणाले.

"ते ज्यानी लिखं, तो उठस का मनी न्हाणीमा?" आत्या म्हणाली. तिने गळ्यातली टेप काढली आणि ब्लाउजचं घ्यावं तसं स्वतःच्या हाताचं माप घेऊन दोन्ही टोकांच्या जागा ठरवल्या. मी त्या मापाची स्टीलची दांडी बाजारातून आणली.

टाइल्सवर मी चिकटपट्टी लावली, म्हणजे बिट घसरत नाही. हातोड्यासारखे ठोके देणारं बटण बंद ठेवलं, नाहीतर टाइल तडकते. हळूहळू, मध्ये मध्ये मशीनला दम देत टाइलमधून भोक पडलं. पुढे मात्र बिट लोण्यात जावी तशी आत गेली. बाहेर लाल माती येत होती. जुनी भिंत, भुसभुशीत विटा, मधे चुना आणि माती. मी फास्टनर ठोकले, म्हणजे घट्ट आवळले की भोकात फुगून बसणारे बोल्ट. पण फुगून धरायला भिंतीत काही कठीणच नव्हतं. दांडी लावून मी दोन्ही हातांनी ओढली, आणि दांडी, बोल्ट, मूठभर लाल भुगा, सगळं माझ्या हातात आलं.

आत्या दारात उभी होती. तिने तो भुगा बघितला आणि आत जाऊन शिलाईला बसली. मशीनचा आवाज मात्र आला नाही.

उपाय एकच दिसत होता: भिंत धरत नसेल, तर भिंतीच्या आरपार जायचं. लांब बोल्ट घालून पलीकडून जाड पोलादी पट्टी लावायची आणि भिंत दोन्हीकडून चिमटीत पकडायची. पण पलीकडची बाजू आमची नव्हती. ते चाचींचं स्वयंपाकघर होतं.

चाचींच्या यजमानांचं गाद्यांचं दुकान आहे, कापूस पिंजून गाद्या-रजया भरून देतात. चाची आणि आत्या यांचं नातं भिंतीवरून वाटी देण्याचं आणि रोज एकदा भांडण्याचं. आम्ही दोघी गेलो, आत्या वॉकरसकट. मी सगळं सांगितलं.

चाचींनी कणीक मळणं थांबवलं नाही. "मतलब दांडी तुमची, आणि बोल्टची बोंडं माझ्या किचनमध्ये?"

"हो."

"अच्छा. फायदा तिला, भोक मला."

आत्या म्हणाली, "तुले काय कमी शे? तुना आवाज आधीच भिंतमाईन येस."

"और तेरा रेडिओ?" चाची म्हणाल्या. मग हात धुऊन त्या भिंतीपाशी गेल्या, बोटाने ठोकून पाहिली आणि माझ्याकडे वळल्या. "पट्टी लावशील ना? मग तिला खाली हुक कर. कढई, झारा, चिमटा टांगेन. मला इथे खिळाच धरत नाही, किती वर्षं झाली."

मी विचारलं, "चाचांना विचारायला लागेल का?"

"रसोई मेरी है," त्या म्हणाल्या. "ते तर पाण्याचा ग्लास कुठे आहे तेही मलाच विचारतात."

संध्याकाळपर्यंत जवळच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून पट्टी करून घेतली, भोकं पाडलेली आणि खाली हुक वेल्ड केलेले. लांब बोल्ट आणि लांब बिट दुसऱ्या दिवशी मिळणार होते. दुसरा दिवस खंडेनवमीचा.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी: आमच्याकडे नवमीला घरातल्या अवजारांची पूजा होते आणि त्या दिवशी त्यांना कामाला लावत नाहीत. विळा, कात्री, शिलाई मशीन, दुकानातला तराजू, सगळे पाटावर बसतात. सकाळी मी म्हटलं, बिट आणली की लगेच भोक पाडते, दादा उद्या दुपारी येतोय. आत्या म्हणाली, आज नाही.

मी चिडले. बुवाबाजीच्या हिरवट पत्रकांवर वाढलेली मुलगी मी. म्हटलं, आत्या, हे लोखंड आणि प्लास्टिक आहे, देव नाही. तुझं घर हातचं जातंय आणि तू मुहूर्त बघतेस.

"मी कोठे देव म्हनं?" ती शांतपणे हळद कालवत होती. "तुना बाप सुट्टीसाठी मोर्चा काढे. आन् तू राबनारले एक दिन सुट्टी देत नही?"

 मी पिशवी उचलून बाजारात गेले. हार्डवेअरची दुकानं दुपारपर्यंतच उघडी होती. परत आले तेव्हा शिलाई मशीन, कात्री, टेप आणि माझी ड्रिल शेजारी शेजारी पाटावर होती. ड्रिलच्या अंगावर हळदीकुंकवाची बोटं आणि मुठीवर झेंडूचं फूल. खरं सांगायचं तर ती बरी दिसत होती.

दसऱ्याच्या सकाळी मी न्हाणीत उभी राहून बटण दाबलं. मशीन फिरली, भोकात थोडी आत गेली, आणि मग हवेच्या खाचांमधून ठिणग्या आल्या. नेहमीची बारीक निळी नव्हे, पिवळ्या ठिणग्यांचं वर्तुळच. पाठोपाठ धूर. मी बटण सोडलं, प्लग उपटला. वास ओळखीचा होता आणि ड्रिलचा नव्हता. शिलाई मशीनच्या तेलाचा होता.

आत्या दारात आली. "काय व्हयनं?"

"आत्या, हिला तेल दिलंस का?"

"दिनं ना," ती म्हणाली. "पूजा कयी, मंग तेल टाकं. बठ्ठा छेदस्मा."

सगळ्या भोकांमध्ये. तिच्या शिलाई मशीनला जितकी भोकं तितक्या ठिकाणी थेंब थेंब तेल लागतं, हे तिला लग्नाआधीपासून माहीत होतं. तेलाच्या जोरावर ते मशीन इतकी वर्षं चाललं होतं. मग ड्रिलच्या अंगावरच्या त्या ओळीने असलेल्या खाचा तिने तेलासाठीच मानल्या, यात नवल काय? त्या हवेसाठी असतात, आत वीज खेळते, आणि तिथे तेल गेलं की कार्बन भिजतो, त्यावर धूळ बसते आणि ठिणग्या उडतात, हे तिला कुणी सांगितलं होतं? डब्यातल्या माहितीपत्रकावर अर्धा डझन भाषा होत्या. मराठी त्यात नव्हती, अहिराणीचं तर सोडूनच द्या. स्वस्त माल आपल्या गावात विकायला ज्यांना लाज वाटत नाही, त्यांना आपल्या भाषेत चार ओळी छापायला काय होतं, याचा राग मला त्या दिवशी आला तो आजही आहे.

आत्याचा चेहरा उतरला होता. ती वॉकर धरून उभी होती आणि एकदा मशीनकडे, एकदा दाराकडे बघत होती. दादा पहाटेच पुण्याहून निघाला होता. दसरा म्हणजे रिपेअरिंगची सगळी दुकानं बंद.

"उघडू या," मी म्हणाले.

आम्ही जमिनीवर जुनी चादर पसरली. मी स्क्रू काढत होते आणि आत्या खाटेवर बसून एकेक स्क्रू बटणांच्या डबीत ठेवत होती, ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने. वरचं कवच निघालं. आत विटेचा लाल भुगा आणि तेल यांचा चिखल झाला होता. मोटरच्या टोकाशी तांब्याच्या पट्ट्यांचं एक गोल कडं असतं, त्याच्यावर दोन्ही बाजूंनी कार्बन टेकतात. ते कडं काळंकुट्ट झालं होतं. आत्याच्या ऑपरेशनच्या जखमेसाठी आणलेलं स्पिरिट आणि कापूस घरात होता. त्याने मी ते पुसत राहिले, कापूस काळा होत होता, ती नवा बोळा करून देत होती. सांध्यांतला भुगा निघेना. चाचींना हाक मारली, तर त्या चुलीची फुंकणी घेऊन आल्या आणि एकेका फटीत फुंकर मारत बसल्या.

"दसऱ्याला बायका सोनं वाटतात," फुंकता फुंकता चाची म्हणाल्या, "आपण तिघी काजळ पाडतोय."

"तुले कोनी बलावं?" आत्या म्हणाली, पण ती प्रथमच हसली.

तांब्याचा रंग दिसू लागला. गिअरच्या डबीतलं ग्रीस जागच्या जागी होतं, तिथे तेल पोचलं नव्हतं. मी आत्याला दाखवलं, बघ, वंगण हिलाही लागतं, पण ते इथे, आणि घट्ट. तिने बोट लावून बघितलं आणि मान हलवली. सगळं उन्हात ठेवलं. धुळ्याच्या त्या उन्हात स्पिरिट उडायला वेळ लागत नाही. भिजलेले कार्बन टाकून डब्यातली जास्तीची जोडी बसवली, आत्याच्या डबीतून स्क्रू उलट्या क्रमाने परत घेतले. मी बटण दाबलं. थोडी ठिणगी उडाली, मग बसली, आणि मशीन नेहमीच्या आवाजात फिरू लागली.

पुढचं काम हळू झालं. मी मशीनला जरा चालवून थांबवत होते, आत्या दारातून "आते दम खाऊ दे" म्हणत होती. शेवटी भिंतीपलीकडून चाचींचा आवाज आला, "आया, आया, माझ्या परातीत आया. कणकेत माती." चारही भोकं आरपार झाली. मी पलीकडे जाऊन पट्टी लावली, बोल्ट आवळले, पुन्हा इकडे येऊन आवळले. दांडी तिरपी, आत्याच्या मापाची.

दादा आला तेव्हा मी न्हाणी धूत होते. त्याने आईला वाकून नमस्कार केला, तिच्या हातात आपट्याचं पान दिलं आणि विचारलं, "बॅग भरली?"

आत्या सरळ न्हाणीत गेली. स्टुलावर बसली, दांडी धरली, उठली. पुन्हा बसली, उठली.

दादाने दांडी ओढली. मग दोन्ही हातांनी धरून पाय उचलून तिला लोंबकळला. तो चांगला वजनदार गडी आहे. दांडी जागची हलली नाही.

"काम चांगलं केलंस," तो मला म्हणाला, आणि त्याच्या आवाजात हरल्याचा राग नव्हता, भीती होती. "पण मी दांडीला कुठे घाबरतोय? ती पडली त्या दिवशी मी ऑफिसात चहा पीत होतो. ती इथे ओरडत होती आणि कुणाला ऐकू गेलं नाही. तेव्हापासून सकाळी तिचा फोन येईपर्यंत मला घास जात नाही. पुन्हा पडली तर? दांडी मला फोन करणार आहे?"

 माझ्याकडे मशीन होती, आणि मशीनचं काम संपलं होतं.

तेवढ्यात भिंतीपलीकडून चाची ओरडल्या, "कोण झोके घेतंय? माझा झारा नाचतोय इथे."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. आत्याने हातातली पितळी बांगडी दांडीवर आपटली, ठण.

"बोलो," पलीकडून आवाज आला.

बोल्ट पोलादाचे, पट्टी पोलादाची, आणि पट्टीला टांगलेली कढई आणि झारा. मधे काही अडवणारं नव्हतंच. हे आमच्यापैकी कुणी योजलं नव्हतं. दादा बाहेर गेला आणि चाचींच्या घरात शिरला. आतून त्याचा आवाज आला, नळ पूर्ण सोड. मी सोडला. मग त्याने चाचींना कुकर चढवायला लावला. शिट्टी होईपर्यंत तो तिथे उभा राहिला असावा, कारण बराच वेळ काही आलं नाही. मग शिट्टी झाली आणि तो ओरडला, "आता वाजव, आई." आत्या उभी नव्हती, ती मुद्दाम फरशीवर बसली होती, पडल्यावर हात पोचेल का ते बघायला. तिने हात उंच करून दांडीच्या खालच्या टोकावर बांगडी मारली.

"आलं," दादा म्हणाला. "पुन्हा." पुन्हा आलं. किती तरी वेळा त्याने वाजवायला लावलं, आणि शेवटी चाचीच म्हणाल्या, "बस कर बेटा, तिची बांगडी झिजेल. मला ऐकू आलं की मी येणार. आणि सकाळी आंघोळीच्या वेळेला नाही ऐकू आलं तरी येणार. किल्ली देऊन ठेव."

जेवण झालं. श्रीखंड-पुरी होती. दादाने बॅगेचा विषय काढला नाही. निघताना त्याने चाचींना घराची किल्ली दिली आणि आईला म्हणाला, "थंडी संपेपर्यंत बघू."

"बघ," आत्या म्हणाली. "तवलोंग मी ब्लाउज शिवसू."

थंडी संपली. ती अजून धुळ्यातच आहे. चाचींची तक्रार आहे, की आत्या मुद्दाम पहाटे वाजवते आणि त्यांना उठवते. आत्या म्हणते, उठायलाच हवं, आळशी शे ती. दादा सकाळी फोन करतो, पण आता चहा झाल्यावर. माझी ड्रिल अजून चालते, आणि तिच्या खाचांवर मी रंगाने मराठीत लिहून ठेवलं आहे: इथे तेल नाही.

आता तुम्हाला सांगते, काय करायचं ते. तुमच्या घरात किंवा शेजारी वय झालेलं, पाय दुखणारं कुणी असेल, तर आजच त्यांना न्हाणीत स्टुलावर बसायला सांगा आणि उठताना त्यांचा हात भिंतीवर कुठे जातो ते बघा. तिथे खडूने खूण करा. उंची त्यांनाच ठरवू द्या. भिंत सामाईक असेल, तर पलीकडे जाऊन विचारा, आणि त्यांनाही काय टांगायचं आहे ते विचारा. मशीन नसेल तर ज्याच्याकडे पडून आहे त्याच्याकडून मागून आणा. तुमच्याकडे पडून असेल तर ती पुसून, कार्बन बघून, मागेल त्याला द्या. दांडी पुढच्या आठवड्यात लागली तरी चालेल. खूण मात्र आज करा.